छोट्या चावीच्या घड्याळातील रंगयोजना

चावीच्या मनगटी घड्याळात रंगाला मिळणारी जागा फार थोडी असते. केसचा व्यास ३४ ते ३७ मिलिमीटर असेल, तर बेझलची कड वजा जाता दिसणारी डायल साधारण ३० मिलिमीटरची उरते, म्हणजे जेमतेम ७०० चौरस मिलिमीटर. त्यात तासांच्या बारा खुणा, मिनिटांच्या साठ रेघा, दोन-तीन काटे, निर्मात्याचे नाव आणि कधी तारखेची खिडकी एवढे सगळे बसवायचे असते. मिनिट काट्याची रुंदी मिलिमीटरभर असते आणि सेकंद काट्याची त्याच्या पाव-पंचमांश. रंगशास्त्राचे बहुतेक नियम कॅनव्हास, कापड आणि छापील पाने यांच्यावर घडले. इतक्या लहान मापावर ते जसेच्या तसे चालत नाहीत. काही तर चक्क उलटे वागतात. म्हणून घड्याळाच्या रंगयोजनेचा विचार रंगचक्रापासून नव्हे, मापापासून सुरू करावा लागतो.

वेळ पाहायला मनगट उचलले की डायल डोळ्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर येते. हे अंतर ३५ सेंटिमीटर धरले, तर ३० मिलिमीटरची डायल डोळ्याशी सुमारे पाच अंशांचा कोन करते. मिलिमीटरभर रुंद काटा दहा कलांचा आणि ०.२ मिलिमीटरचा सेकंद काटा दोनच कलांचा. इथे डोळ्याची रचना आड येते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, अंशाच्या साधारण तिसऱ्या भागाएवढ्या टिपक्यात, निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ नसतातच. ३५ सेंटिमीटर अंतरावर हा टिपका दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे डायलवरच्या एखाद्या आकड्याएवढा. त्यामुळे फार लहान आकृतींमध्ये गडद निळा आणि काळा, किंवा फिकट पिवळा आणि पांढरा, यांतला भेद पुसट होतो. बारीक रेघांच्या बाबतीतही असेच घडते. उजेड-अंधाराच्या फरकाने ओळखता येणारी रेघ कितीतरी बारीक असू शकते. केवळ रंगाच्या फरकाने ओळखायची रेघ त्याहून बरीच जाड असावी लागते.

अमेरिकी चित्रकार आणि शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे मोजण्याची पद्धत मांडली: वर्ण, म्हणजे लाल-पिवळा-निळा हा भेद, उजळपणा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवरची पायरी, आणि तीव्रता, म्हणजे रंग किती भडक किंवा किती राखाडी आहे ते. घड्याळासाठी या तिघांत उजळपणा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो इतका पुढे आहे की बाकी दोघांचा विचार त्याच्यानंतरच करावा. काटा आणि डायल यांच्या उजळपणात पुरेशा पायऱ्यांचे अंतर असेल, तर रंग कोणताही असो, वेळ वाचता येते. ते अंतर नसेल, तर रंगचक्रावर समोरासमोर असलेले दोन रंगही उपयोगी पडत नाहीत. मध्यम लाल डायलवर मध्यम हिरवे काटे ठेवले, तर कागदावर ती पूरक रंगांची जोडी ठरते. मनगटावर मात्र काट्यांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि पावणेतीन की सव्वानऊ हे कळायला डोळे ताणावे लागतात. रेखाटनाचा फोटो काढून त्यातला रंग काढून टाकणे ही कारागिरांची जुनी चाचणी म्हणूनच आजही सर्वांत विश्वासाची आहे. कृष्णधवल चित्रात वेळ वाचता आली नाही, तर ती रंगयोजना तिथेच बाद करावी.

वर्णाचे नियम दुय्यम असले तरी ते टाळता येत नाहीत. मिशेल यूजेन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लाँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. रंगाईत दोष नव्हता. शेजारचे रंग एकमेकांना आपापल्या पूरक रंगाकडे ढकलतात, हे कारण त्यांनी शोधले आणि १८३९ मध्ये समकालिक विरोधावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डायलवर हा नियम सर्वांत ठळक दिसतो तो छोट्या सेकंदांच्या वर्तुळात. मोरपंखी डायलमध्ये राखाडी वर्तुळ ठेवले तर त्या राखाडीत तांबूस झाक दिसू लागते. तांबूस-तपकिरी डायलमध्ये तेच राखाडी निळसर भासते. योसेफ अल्बर्स यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात हाच धडा रंगीत कागदांच्या सरावांतून शिकवला: एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग होतो. डायल बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. छोट्या वर्तुळाचा रंग सुट्या नमुन्यावर ठरवून चालत नाही. तो डायलवर बसवूनच पाहावा लागतो.

माप आणखी लहान झाले की हाच नियम उलटतो. विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांनी १८७४ मध्ये नोंदवलेला परिणाम असा, की बारीक नक्षीत शेजारचे रंग एकमेकांपासून दूर जाण्याऐवजी एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. डायलच्या कडेने धावणारी रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटपट्टी याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्या डायलवर ती काळ्या रेघांची असेल, तर पट्टीच्या आतला पांढरा किंचित राखाडी वाटतो. निळ्या रेघांची असेल, तर डायलच्या साऱ्या कडेला थंडावा येतो. तपकिरी रेघांची असेल, तर तीच डायल हस्तिदंती भासते. डायलचा मूळ रंग न बदलता तिचा स्वभाव बदलण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. एकूण लहान घड्याळात मोठ्या पृष्ठभागांमध्ये विरोध चालतो आणि बारीक रेघांमध्ये मिश्रण. हे ध्यानात न घेतल्याने पडद्यावर मोठ्या करून रंगवलेल्या कितीतरी डायली प्रत्यक्षात वेगळ्याच निघतात.

रंगाचे नमुने निवडतानाही क्षेत्रफळ फसवते. रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात दोन ‘प्रमाण निरीक्षक’ आहेत: १९३१ चा दोन अंशांचा आणि १९६४ चा दहा अंशांचा. ३५ सेंटिमीटरवर दोन अंश म्हणजे १२ मिलिमीटर आणि दहा अंश म्हणजे सुमारे ६१ मिलिमीटर. रंग पुरवणाऱ्याचे नमुनाकार्ड दुसऱ्या मापाजवळचे असते, तर डायलवरचा सलग रंगाचा तुकडा पहिल्या मापाजवळचा. मोठ्या क्षेत्रावर रंग अधिक उजळ आणि तीव्र भासतो. त्यामुळे कार्डवर आवडलेला डाळिंबी डायलवर काळपट-मंद उतरतो. कार्डवर किंचित भडक वाटणारा रंगच बहुधा डायलवर योग्य बसतो.

कोणत्या रंगाला किती जागा द्यावी, हा प्रश्न बाउहाउस या जर्मन कलाशाळेतले शिक्षक योहानेस इटेन यांनी आपल्या १९६१ च्या ग्रंथात ‘क्षेत्रफळाचा विरोध’ या नावाने मांडला. पिवळा आणि जांभळा १:३, नारिंगी आणि निळा १:२, लाल आणि हिरवा १:१ या प्रमाणात ठेवले की तोल साधतो, असे त्यांनी जर्मन कवी गटे यांच्या आकड्यांवरून सांगितले. घड्याळात ही प्रमाणे पाळणे जवळजवळ अशक्य असते आणि सहसा पाळूही नयेत. लाल सेकंद काट्याचे क्षेत्रफळ फार तर चार-पाच चौरस मिलिमीटर, म्हणजे डायलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तो काम करतो तो याच असमतोलामुळे. एकाच ठिकाणी, हलत्या भागावर, अगदी थोडा भडक रंग असल्याने नजर तिथे जाते. तोच लाल निर्मात्याच्या नावात, तारखेत आणि बारावरच्या खुणेतही वापरला की त्याचा जोर विरतो. इथे इटेनपेक्षा संयमाची परंपरा अधिक उपयोगी पडली आहे. बाउहाउसमध्ये शिकलेले स्विस कलाकार माक्स बिल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीच्या युंगहान्ससाठी मनगटी घड्याळे घडवली. रंगाचा उत्तम जाणकार असलेल्या या माणसाने डायल जवळजवळ रंगहीन ठेवली: पांढरा पृष्ठभाग, काळ्या बारीक रेघा आणि लांबीने वेगळे ओळखू येणारे काटे. रंगशास्त्राचा इतका शहाणा वापर क्वचित झाला आहे.

याच वाटेवरची पुढची पायरी म्हणजे जर्मनीतल्या ग्लासह्युटेची नोमोस ही १९९० मध्ये स्थापन झालेली कंपनी. तिच्या टांगेंटे घड्याळाची मूळ डायल चांदीच्या मुलाम्याने पांढरी केलेली आणि काटे तापवून निळे केलेल्या पोलादाचे. पण २०२४ मध्ये याच घड्याळाच्या ३७.५ मिलिमीटरच्या तारीखवाल्या आवृत्तीचे ३१ रंग एकदम बाजारात आले, प्रत्येक रंगाचे १७५ नग. रेघा, आकडे, काटे यांचा सांगाडा तोच आणि बदलतो तो केवळ रंग. रंगयोजनेचा अभ्यास करणाऱ्यासाठी हा तयार प्रयोग आहे. ज्या जोड्यांमध्ये पार्श्वभूमी आणि आकडे यांच्या उजळपणात मोठे अंतर आहे, त्या कितीही अनपेक्षित असल्या तरी वाचता येतात; ज्यांत दोन्ही मधल्या पायऱ्यांवर आहेत, त्या आधी चित्र म्हणून दिसतात आणि मग घड्याळ म्हणून. २०२० मध्ये रोलेक्सने ३६ मिलिमीटरच्या ऑइस्टर पर्पेच्युअलमध्ये पिवळा, पोवळ्याचा लाल, फिरोजा, हिरवा आणि गुलाबी अशा चकचकीत लॅकरच्या डायली आणल्या. त्यांत दुसरा कोणताही रंग नाही. काटे आणि खुणा धातूच्या, मध्ये पांढरे लुम, म्हणजे अंधारात चमकणारे द्रव्य. एकाच भडक रंगाला सारी डायल देऊन बाकी सगळे तटस्थ ठेवणे हाही क्षेत्रफळाच्या प्रश्नाचा स्वच्छ तोडगा आहे.

रंगद्रव्याइतकाच पृष्ठभाग रंग ठरवतो आणि घड्याळाच्या बाबतीत कदाचित अधिक. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अब्राहम-लुई ब्रेगे यांनी चांदीच्या डायलीवर यंत्राने कोरलेली गिलोशे नक्षी वापरली. तासांचे कडे, सेकंदांचे वर्तुळ, मधला भाग या प्रत्येकाला वेगळी नक्षी. एकही रंग न वापरता विभाग वेगळे दिसतात, कारण प्रत्येक नक्षी प्रकाश वेगळ्या दिशेला परतवते. शिवाय कोरीव पृष्ठभागाची चमक मोडल्याने त्यावरचे निळे काटे स्वच्छ उठून दिसतात. रंगाच्या जागी पोत ठेवण्याची ही युक्ती छोट्या डायलीसाठी आजही सर्वांत भरवशाची आहे.

जपानमध्ये तारो तानाका यांनी १९६० च्या दशकात सेइकोच्या घड्याळांसाठी केसच्या आणि खुणांच्या सपाट पैलूंचे जे नियम घालून दिले, त्यांचा गाभाही रंग नसून उजेड-सावलीच आहे. १९६७ चे चावीचे ४४जीएस हे त्याचे प्रमाण मानले जाते. पैलू पाडलेल्या खुणेची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी दिसते. मनगट किंचित फिरले की बाजू बदलतात, पण विरोध कायम राहतो. याच्या नेमके उलट, चकचकीत सपाट पोलादी काटे रुपेरी डायलवर बसवले की काही कोनांत ते साफ गायब होतात. रुपेरीवर रुपेरी ही जोडी कागदावर अतिशय अभिजात दिसते, पण वाचनीयतेत तिच्याइतकी दगा देणारी जोडी दुसरी नाही.

मध्यापासून कडेकडे किरणांसारखे घासलेले पितळ आणि त्यावर पारदर्शक रंगाचा थर, ही आजच्या निळ्या-हिरव्या डायलींची सर्वांत प्रचलित बांधणी. उभ्या-आडव्या वेगळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेली धूपछांव पैठणी जशी पदर हलला की रंग बदलते, तशी ही डायल प्रकाशाबरोबर फिरते: एक पंखा तेजस्वी, त्याच्या बाजूचा जवळजवळ काळा. अशा डायलीचा ‘रंग’ एका आकड्यात सांगता येत नाही. तिच्यावर पांढऱ्या खुणा ठेवल्या तर तेजस्वी पंख्यात विरोध कमी होतो, काळ्या ठेवल्या तर सावलीत त्या नाहीशा होतात. म्हणून चमकत्या धातूच्या उंच खुणा, ज्यांना स्वतःची सावली असते, त्या इथे बसतात. मध्यभागी उजळ आणि कडेला काळवंडत जाणारी धुरकट डायल मोठ्या घड्याळात सुंदर दिसते. छोट्या घड्याळात मात्र तिची गडद कड डायलचा व्यास आणखी आकसवते.

हा आकसण्याचा मुद्दा छोट्या घड्याळासाठी कळीचा आहे. गडद पार्श्वभूमीवरची उजळ आकृती तिच्या खऱ्या मापाहून मोठी दिसते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी या दृष्टिभ्रमाचा अभ्यास केला होता. ३४ मिलिमीटरच्या केसमध्ये पांढरी किंवा मोतिया डायल आणि बारीक बेझल दिली, तर घड्याळ ३६ चे वाटते. तीच केस काळी डायल आणि रुंद काळ्या बेझलने लहान होते. आकार न वाढवता उपस्थिती वाढवायची असेल, तर उजळ रंगाएवढे परिणामकारक दुसरे साधन नाही.

रंग कोणत्या पद्धतीने चढवला जातो, त्यावरही निवड बांधलेली असते. मिन्याच्या डायलीत तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवतात आणि हे अनेकदा करतात. पांढरेपणा कथिलाच्या ऑक्साइडमधून येतो, निळा कोबाल्टमधून, हिरवा-फिरोजा तांब्यातून. दर भाजणीत रंग थोडा सरकतो, म्हणून मिन्यात दोन डायली तंतोतंत सारख्या मिळण्याची अपेक्षा धरू नये. त्याच्या मोबदल्यात शेकडो वर्षे न फिकटणारा रंग मिळतो. विद्युत् मुलाम्यात धातूचाच रंग येतो आणि तो पातळ थरामुळे खालचा पोत झाकत नाही. लॅकरमध्ये रंगांची श्रेणी अमर्याद, पण थर जाड, त्यामुळे पोत बुजतो. आकडे आणि रेघा सिलिकॉनच्या मऊ ठोकळ्याने छापतात. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळी कोरीव पाटी आणि वेगळा ठसा लागतो, आणि दोन ठसे केसाइतके जरी सरकले तरी ते डायलवर दिसते. गडद डायलवर पांढरे आकडे दाट उतरावेत म्हणून एकावर एक दोन-तीन ठसे मारावे लागतात. चार रंगांची छपाई मागणाऱ्या आराखड्याला कारखान्यातून नकार येतो, त्यामागे बहुधा हे कारण असते.

काट्यांचा पारंपरिक निळा हा रंगच नाही. स्वच्छ पॉलिश केलेले पोलाद तापवले की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्या थराच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशलहरींच्या परस्परक्रियेतून रंग दिसतो. सुमारे २२० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि २९० ते ३०० ला तो खोल निळा. आणखी तापवले की फिकट निळा आणि शेवटी राखाडी. काही अंशांच्या फरकाने काटा फुकट जातो. असा काटा एका कोनातून तेजस्वी निळा आणि बहुतेक कोनांतून काळा दिसतो. पांढऱ्या डायलवर तो दोन शतके टिकून राहिला याचे कारण हेच: वाचायला काळा, पाहायला निळा. लहान क्षेत्रात निळा हरवतो ही डोळ्याची मर्यादा इथे दोष न राहता गुण होते.

केसच्या धातूला स्वतःचा रंग असतो आणि डायलची उष्णता किंवा शीतलता त्याच्याशी जुळवावी लागते. १८ कॅरेटच्या सोन्यात शुद्ध सोने ७५ टक्के. उरलेल्या २५ टक्क्यांत चांदी आणि तांबे कसे वाटले आहेत, त्यावर रंग ठरतो. दोन्ही साडेबारा टक्के असतील तर पिवळे सोने. तांबे साडेवीस आणि चांदी साडेचार असेल तर लालसर. पोलाद तटस्थ राखाडी, रोडियमचा मुलामा त्याहून पांढरा, तर मुलामा न दिलेले जर्मन सिल्व्हर किंचित पिवळसर. लालसर सोन्यात शुद्ध पांढरी डायल निळसर आणि परकी दिसते. तिथे मोतिया किंवा बदामी हवा. पोलादात मात्र मोतिया डायल जुनाट वाटण्याचा धोका असतो. पांढऱ्याची निवड हीच रंगयोजनेतली सर्वांत अवघड निवड आहे, याचे कारण हे.

पट्टा आणि त्वचा यांचा विचार आराखड्यात बहुधा शेवटी होतो, आणि तो दोष आहे. कारण नजरेच्या टप्प्यात सर्वांत मोठे रंगक्षेत्र त्यांचेच असते. मानवी त्वचेचा वर्ण पिवळा-नारिंगी याच पट्ट्यात येतो. बदलतो तो मुख्यतः उजळपणा. म्हणून निळी डायल जवळजवळ प्रत्येक मनगटावर पूरक विरोध साधते, आणि तिच्या लोकप्रियतेमागे हे एक साधे कारण आहे. गव्हाळ किंवा सावळ्या मनगटावर पिवळे सोने उजळपणाच्या फरकाने उठते. गुलाबी सोने आणि तपकिरी कातडी पट्टा ही जोडी मात्र गव्हाळ त्वचेत मिसळून जाते. युरोपीय जाहिरातींतल्या फिकट मनगटांवर पाहून केलेली निवड भारतात फसते ती इथे. पट्ट्याचा रंग डायलसारखाच घेण्यापेक्षा त्याच वर्णाचा पण उजळपणात दोन पायऱ्या खाली असलेला घेतला, तर डायल पुढे येते.

या सगळ्यावर काच बसते. नीलमणी काचेचा अपवर्तनांक १.७७ आहे, म्हणून तिचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे पावणेआठ टक्के प्रकाश परतवतो. साध्या काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग चार टक्क्यांच्या आसपास. दोन्ही पृष्ठभाग मिळून नीलमणी काच डायलवर पांढुरक्या उजेडाचा पडदा टाकते, आणि गडद डायलींचे काळे राखाडी होते. प्रतिबंधक लेप दिल्यास हे परावर्तन खूप घटते, पण उरलेले निळसर-जांभळे असते. काळ्या डायलीला ती झाक शोभते, मोतिया डायलीला मारक ठरते. जुन्या घुमटाकार अ‍ॅक्रिलिक काचेखाली रंग मऊ आणि उबदार दिसतात, त्यात आठवणींचा भाग असेल तितकाच भौतिकशास्त्राचाही आहे.

रात्री रंगशास्त्राचे वेगळेच प्रकरण सुरू होते. उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधाराला सरावल्यावर ही संवेदना ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांचे नाव या बदलाला दिले आहे. लाल काटा अंधार पडताच सर्वांत आधी काळा होतो, तो यामुळे. चमकत्या काट्यांना आपल्याकडे अजूनही रेडियमचे काटे म्हणतात, पण रेडियमचा रंग कधीच बंद झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत ब्रशचे टोक ओठांनी सारखे करून डायली रंगवणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांना त्याने दिलेले भयंकर आजार ही घड्याळांच्या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे. त्यानंतर ट्रिटियम आले, आणि १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने युरोपियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट शोधले. ते किरणोत्सारी नाही, प्रकाश साठवून परत देते. त्याची हिरवी जात सुमारे ५२० नॅनोमीटरला चमकते आणि सर्वांत तेजस्वी असते, पण दिवसा ती पिवळट हिरवी दिसते. दिवसा शुभ्र दिसणारी निळी जात चमकायला थोडी कमी. लुममध्ये रंगद्रव्य मिसळले की दर छटेगणिक चमक घटते. छोट्या काट्यात मुळात लुमला जागा कमी, म्हणून तिथे दिवसाच्या शोभेसाठी रात्रीची चमक घालवू नये.

रंग अर्थही वाहतो. १९५५ च्या रोलेक्स जीएमटी-मास्टरवर चोवीस तासांची बेझल अर्धी लाल, अर्धी निळी होती: लाल दिवस, निळी रात्र. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांना दुसऱ्या देशातली वेळ दिवसाची की रात्रीची हे आकडा न वाचता कळावे, हा हेतू. डोक्साने १९६७ मध्ये पाणबुड्यांच्या घड्याळाला नारिंगी डायल दिली, तीही वाचनीयतेसाठी. पण चावी किती उरली हे लाल-हिरव्या पट्टीने दाखवणाऱ्या घड्याळांत एक चूक वारंवार होते. लाल-हिरव्याचा भेद न होणाऱ्या पुरुषांचे प्रमाण उत्तर युरोपीय वंशात सुमारे बारात एक आहे. केवळ वर्णावर अर्थ टांगला तर या लोकांपर्यंत तो पोहोचत नाही. पट्टीची रुंदी किंवा उजळपणाही त्याबरोबर बदलायला हवा.

पारदर्शक पाठ असेल तर मागची बाजूही रंगयोजनेत येते. तिथले लाल खडे कृत्रिम माणकांचे असतात, क्रोमियममुळे लाल झालेले. ऑगस्त व्हेर्नय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्योतीच्या पद्धतीने ते स्वस्त झाले. सोनेरी पाट्यांवर माणके आणि निळे स्क्रू हे तीन मूळ रंगांचे त्रिकूट आहे, आणि माणके व स्क्रू अगदी छोट्या ठिपक्यांत असल्याने ते कधीही भडक होत नाही. रोडियमच्या थंड पाट्यांवर तेच लाल अधिक टोकदार दिसते.

आराखडा पक्का करण्याआधी नमुना किमान तीन प्रकाशांत पाहावा लागतो: ढगाळ दिवसाचा उत्तरेकडचा उजेड, घरातला पिवळा दिवा आणि कार्यालयातली एलईडी. दिवसा जुळलेले दोन रंग दिव्याखाली वेगळे निघू शकतात, कारण त्यांची रंगद्रव्ये वेगळी असतात. डायल आणि तारखेची चकती या जोडीत हे हमखास घडते, एक लॅकरची आणि दुसरी छापील असल्याने. चकती डायलच्या रंगाची करणे हा एक उपाय. खिडकीच काढून टाकणे हा छोट्या घड्याळात त्याहून चांगला. पडद्यावर मोठे केलेले चित्र न पाहता खऱ्या मापाची छपाई कापून मनगटावर ठेवावी. वाढत्या वयात डोळ्याचे भिंग पिवळट होते आणि निळ्याचा बराचसा भाग अडवते, म्हणून चाचणीत साठीपलीकडचे डोळेही हवेत.

शेवटचा प्रश्न काळाचा. काळ्या लॅकरच्या काही जुन्या डायली उन्हाने तपकिरी झाल्या, ट्रिटियमचे पांढरे मधासारखे पिवळे झाले, आणि संग्राहक त्यांनाच अधिक मोल देतात, कारण असा बदल सबंध डायलभर हळूहळू, एकाच उबदार दिशेने होतो आणि उजळपणाचे नाते फारसे मोडत नाही. पुन्हा रंगवलेल्या डायलींचे तसे नाही. १९६१ पासून बंगळुरूमध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवणाऱ्या एचएमटीची चावीची ‘जनता’ साध्या डायलीची होती, काहींवर देवनागरी आकडेही होते. कारखाना थांबल्यावर अशी जुनी घड्याळे नारिंगी, पोपटी, दुरंगी डायली चढवून विकली जाऊ लागली. सेइको आणि इतरांच्या जुन्या घड्याळांचेही तसेच झाले, आणि परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. त्यांतला दोष भडक रंगाचा नाही. जाड लॅकरने मूळ किरणपोत बुजतो, मूळ रेघेच्या दुप्पट जाड छपाईने पार्श्वभूमी मळकट दिसते, आणि मूळ काटे नव्या रंगावर उजळपणाच्या एकाच पायरीवर येऊन हरवतात. डाग पडलेल्या पण मूळ डायलीची सौम्य सफाई करून ती तशीच ठेवणे, आणि रंगवावेच लागले तर मूळ पोत, रेघेची जाडी व उजळपणाची पायरी आधी मोजून घेणे, एवढी काळजी घेतली तर दुरुस्तीनंतरही ३५ मिलिमीटरच्या ‘जनता’वर वेळ पूर्वीसारखी स्वच्छ वाचता येते.